पुणे ते टोकियो: अंतर एकच, मग जायला साडेसात तास आणि यायला साडेनऊ कसे?

सहकारनगर_ताई

नमस्कार मंडळी,

लेक नोकरीनिमित्त टोकियोत आहे. येत्या जानेवारीत तिच्याकडे जायचं घाटतंय आणि या खेपेला माझे वडील सोबत येणार आहेत. वय ऐंशीच्या पुढे, रोज सकाळी तळजाईला चक्कर मारतात, तब्येत ठणठणीत म्हणावी अशी. पण मधुमेह आहे, आणि एका जागी फार वेळ बसलं की पाय सुजतात. त्यामुळे आमच्याकडे तिकिटाच्या पैशांपेक्षा "सलग किती तास बसायचं" हा प्रश्न मोठा आहे.

नेटवर अंतर शोधलं. एका ठिकाणी ६,६६० किमीच्या आसपास, दुसरीकडे ६,७२०. उड्डाणाचा वेळ मात्र सगळीकडे साधारण आठ तास वीस मिनिटं, आणि जाताना-येताना तोच. मग प्रत्यक्ष तिकिटं बघितली. पुण्याहून थेट विमान नाहीच. दिल्ली-टोकियो साधारण साडेसात तास, टोकियो-दिल्ली साडेनऊ! वडिलांनी सुटायची आणि पोचायची वेळ कागदावर मांडून वजाबाकी केली, तर त्यांचं उत्तर आणखी तिसरंच: जायला अकरा तास, यायला सहा. ते म्हणतात, "जाताना जरा सोसू, येताना काही वाटायचं नाही."

कोणाचा आकडा धरायचा? आणि दोन दिशांमध्ये दोन तासांचा फरक कशामुळे पडतो? जाणकारांनी नीट उलगडून सांगावं. वडिलांना हे सगळं वाचून दाखवणार आहे.

कर्वेरोडवरून

ताई, काकांची वजाबाकी बरोबर आहे, फक्त त्यांनी दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी केली आहे. सुटायची वेळ त्या गावच्या घड्याळाची असते आणि पोचायची या गावच्या. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास, बारा महिने तेवढंच. त्यांच्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत नाही, आपल्याकडेही नाही.

समजा, दिल्लीहून रात्री ८ ला निघालात. साडेसात तासांनी आपल्या घड्याळात पहाटेचे साडेतीन, टोकियोत सकाळचे ७. कागदावर अकरा तास दिसतात, त्यातले साडेतीन घड्याळाचे. परतताना टोकियोहून सकाळी ११ ला निघालात, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात. साडेनऊ तास उडून दिल्लीत संध्याकाळी ५ ला. कागदावर सहाच तास! म्हणजे जो प्रवास लांबचा तो कागदावर छोटा दिसतो आणि छोटा तो लांब. काकांना हे आधी सांगाच, नाहीतर परतीच्या विमानात सहाव्या तासाला ते उतरायच्या तयारीत बसतील आणि पुढे साडेतीन तास बाकी असतील.

तारीख बदलते ती मध्यरात्र वाटेत येते म्हणून. आंतरराष्ट्रीय वाररेषा जपानच्या पलीकडे प्रशांत महासागरात आहे, तिचा इथे संबंध येत नाही. परिचितांपैकी बरेच जण हे विचारतात म्हणून लिहिलं.

निवृत्त_गणितशिक्षक

६,६६० की ६,७२० हा प्रश्न कागद-पेन्सिलीने सुटतो, आणि काकांना आवडेल असं वाटतं म्हणून सविस्तर देतो.

पृथ्वीच्या पाठीवर दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर बृहद्वृत्ताच्या कंसावर मोजतात. त्याला दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांशांतला फरक एवढंच लागतं. पुण्याचा लोहगाव विमानतळ १८.६ उत्तर, टोकियोचा हानेदा विमानतळ ३५.६ उत्तर, रेखांशांतला फरक ६५.९ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३१९० × ०.५८२१ = ०.१८५७. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार: ०.९४७८ × ०.८१३१ × ०.४०८३ = ०.३१४७. बेरीज ०.५००४.

ज्याचा कोसाइन अर्धा तो कोन ६० अंश, हे आठवीच्या मुलालाही पाठ असतं. पुणे आणि टोकियो पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलं तर जवळजवळ नेमके साठ अंशांवर आहेत, म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा सहावा भाग! इतकी सुबक जोडी हाताशी लागल्यावर मला तर फार आनंद झाला.

आता किलोमीटर. एका अंशाच्या साठाव्या भागाला पृथ्वीच्या पाठीवर जे अंतर पडतं तो सागरी मैल, १.८५२ किमीचा. साठ अंश म्हणजे ३,६०० सागरी मैल, म्हणजे ६,६६७ किमी. हानेदाऐवजी नारिता विमानतळ धरला तर तो आणखी पूर्वेला असल्यामुळे ६,७२० येतं. तुम्हाला दिसलेले दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त टोकं वेगळी.

आणि ते आठ तास वीस मिनिटं बहुधा असे आले असावेत: ६,६६७ भागिले ताशी ८५०, अधिक चढण्या-उतरण्याचा अर्धा तास. भागाकारात दिशा येतच नाही, म्हणून दोन्हीकडे एकच उत्तर.

नकाशावेडा

गणितसरांनी कंस काढला, मी तो नकाशावर ठेवून बघितला. पुण्याहून ईशान्येला निघालेली ही रेषा जवळपास नागपूरवरून जाते. पुढे बिहारचा पूर्व भाग, आसामचा पश्चिम भाग, अरुणाचल, मग पूर्व तिबेट. बरोबर मध्यबिंदू ३१.३ उत्तर, १०४ पूर्व, म्हणजे चीनच्या सिच्वान प्रांतात चेंगडू शहराच्या जरा वर. तिथून पीत समुद्र, दक्षिण कोरियात ग्वांगजूच्या आसपास, आणि जपानमध्ये शिरल्यावर ओकायामाच्या थोडं उत्तरेकडून टोकियो. हो, तेच ओकायामा, ज्याच्या मैत्रीखातर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानी धर्तीवर झालं.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली तर ती कोलकात्यावरून जाताना दिसते. तो नकाशा गोल पृथ्वी सपाट करून काढलेला असतो, त्यामुळे पट्टीची रेघ प्रत्यक्षात लांबची असते आणि वर फुगलेली रेघ जवळची.

पण ताई, विमान या रेषेवरून जात नाही. दिल्ली-टोकियो विमानंही साधारण हिमालयाच्या दक्षिणेकडून, बंगालच्या अंगाने पूर्वेला, मग म्यानमार, चीनचा युनान प्रांत अशी वळसा घेऊन जातात. कारण तिबेटचं पठार. त्याची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या घरात आहे. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान लगोलग १०,००० फुटांवर, म्हणजे सुमारे ३ किमीवर आणावं लागतं, जिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कमधला प्राणवायू साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो. खाली जमीनच साडेचार किमीवर असेल तर विमान उतरणार कुठे? म्हणून तो भाग टाळतात. काही मोजके मार्ग आहेत, त्यांना वेगळी तयारी लागते.

थोडक्यात, संकेतस्थळावरचं अंतर पृथ्वीचं असतं, विमानाचं नसतं. दिल्ली-टोकियो कंसाने ५,८६० किमी भरतं, प्रत्यक्ष उड्डाण त्यापेक्षा जास्तच होतं.

सहकारनगर_ताई

बाबांनी गणितसरांचा हिशेब वहीत उतरवून घेतला आणि लॉग टेबल काढून पडताळला. त्यांचा निरोप: "उत्तर जुळलं."

पण वळसा तर जाताना-येताना सारखाच असणार ना? मग दोन तास?

पाषाणकर_ढगवाला

ते दोन तास वाऱ्याचे. माझा हा रोजच्या कामाचा विषय, त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

जमिनीपासून दहा-बारा किमीवर, म्हणजे विमानं उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा एक अरुंद, अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा असतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्याची उपोष्ण शाखा हिमालयाच्या दक्षिणेला सरकते, उत्तर भारतावरून जाते आणि पूर्वेला जाता जाता जोर धरते. तिचा जोर जगात जिथे सर्वांत जास्त असतो त्या ठिकाणांपैकी जपान एक. जानेवारीत जपानवर ताशी २५० किमीहून जास्त वेग ही तिथल्या हवामानवाल्यांना नवलाची गोष्ट नाही.

हा वारा नोंदला तोही जपानमध्येच. टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथे वासाबुरो ओइशी यांची वेधशाळा होती. १९२० च्या दशकात ते फुगे सोडून दुर्बिणीतून त्यांचा माग काढत. फुगे वर गेले की विलक्षण वेगाने पूर्वेला पळत. १९२६ मध्ये त्यांनी ही निरीक्षणं एस्पेरान्तो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापली, जगभरच्या लोकांना वाचता यावीत म्हणून. वाचली फारच थोड्यांनी. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणारी बॉम्बफेकी विमानं जपानवर याच वाऱ्यात सापडली तेव्हा बाकी जगाचं लक्ष गेलं. ओइशींचं नाव आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता हिशेब. प्रवासी विमान हवेच्या सापेक्ष साधारण ताशी ९०० किमीने जातं. वाटेवर सरासरी १०० किमीचा वारा पाठीशी असेल तर जमिनीच्या सापेक्ष वेग १,०००. तोच वारा तोंडावर घेतला तर ८००. वळशासह ६,२०० किमी धरू: जाताना ६ तास १२ मिनिटं, येताना ७ तास ४५ मिनिटं. फरक दीड तासाच्या वर. सरासरी वारा १३० धरला तर फरक दोन तासांवर जातो. त्यावर दोन्हीकडे धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, रांगेत घिरट्या घालणं. वेळापत्रकातला आकडा दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंतचा असतो, निव्वळ हवेतला नसतो. परतीचे साडेनऊ तास असे भरतात.

एक गोष्ट लक्षात घ्या: जाताना मिळालेला वेळ आणि येताना गेलेला वेळ सारखे नसतात. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून नुकसान नेहमी फायद्यापेक्षा मोठं. वैमानिक आणि मार्ग आखणारे परतीला वाऱ्याचा गाभा चुकवून थोडं दक्षिणेकडून किंवा वेगळ्या उंचीवरून नेतात, तरी पूर्ण सुटका होत नाही.

जूनमध्ये हाच प्रवाह तिबेटच्या उत्तरेला निघून जातो आणि आपला मान्सून जम बसवतो. दोन्ही गोष्टी जोडलेल्या आहेत. त्यामुळे पावसाळ्यात टोकियोला गेलात तर दोन दिशांमधला फरक बराच कमी दिसतो. तुम्ही नेमक्या जानेवारीत निघताय, म्हणजे फरक सर्वांत मोठा असतो त्या दिवसांत. काकांसाठी एवढंच: जेटच्या कडेला निरभ्र आकाशातही विमान हादरतं. जपानजवळ पट्टा बांधूनच बसू द्या, शौचालयाला आधीच नेऊन आणा.

वनाज_ते_रामवाडी

पाषाणकर, असं समजावून सांगणारं कुणी शाळेत भेटलं असतं तर भूगोल सोडला नसता. धागा साठवून ठेवला.

चाकण_ते_नागोया

कामानिमित्त चाकणहून जपानला जाणं-येणं असतं, म्हणून मार्गांचं सांगतो. ताईंचा खरा प्रश्न सलग किती तास बसायचं हा आहे, आणि तो एकूण तासांपेक्षा वेगळा आहे. बहुतेक जण एकूण तास बघून तिकीट काढतात आणि म्हातारी माणसं परतीला आखडून जातात.

दिल्लीमार्गे: पुणे-दिल्ली साधारण ११५० किमी, दोन-सव्वादोन तास. पुढचे ५,८६० मिळून सात हजारांच्या आसपास. थेट रेषेपेक्षा जेमतेम साडेतीनशे किमी जास्त, म्हणजे दिल्ली अगदी वाटेवरच आहे म्हणा. जाताना वारा पाठीशी, सलग बसणं साडेसात तास, रात्रीचं विमान, झोपेत जातं. जायला हाच मार्ग घ्या.

येताना मात्र सलग साडेनऊ, तेही दिवसा. सूर्य विमानाच्या सोबतीने पश्चिमेला सरकत राहतो, दुपार संपतच नाही. झोप लागत नाही. वर दिल्लीत उतरल्यावर इमिग्रेशन, पट्ट्यावरून सगळं सामान उचलणं, कस्टम्स, आणि पुण्याच्या विमानासाठी सामान पुन्हा जमा करणं. भारतात ज्या विमानतळावर पहिलं पाऊल ठेवता तिथेच हे सोपस्कार होतात, तिकीट पुण्यापर्यंतचं असलं तरी. सामानाच्या पट्ट्यापाशी काकांना कुठे बसवायचं हे तेव्हा सुचत नाही, आधीच ठरवा.

सिंगापूरमार्गे: पुणे-सिंगापूर ३,८०० किमी, साडेपाच तासांच्या आसपास. सिंगापूर-टोकियो ५,३०० किमी, सात-साडेसात तास. एकूण ९,१०० किमी, आकड्यात फार मोठा फेरा. पण सलग बसणं सात-साडेसातच्या वर जात नाही. मध्ये सिंगापूरच्या चांगी विमानतळावर पाय मोकळे करता येतात, गालिच्यावरून तासभर चालता येतं. इमिग्रेशन आणि सामान दोन्ही पुण्यातच. आणि हा मार्ग बराचसा दक्षिणोत्तर असल्यामुळे जेट फक्त जपानच्या बाजूला आडवा येतो, म्हणून जाण्या-येण्याच्या वेळात फारसा फरक पडत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. जाताना दिल्ली, येताना सिंगापूर. दोन्ही मिळून एका तिकिटावर बसत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. पुण्याहून सिंगापूर आणि बँकॉकची थेट विमानं हंगामाप्रमाणे कमी-जास्त होतात, तेवढं बुकिंगच्या वेळी बघून घ्या.

कॅम्पातला_प्रवासी

चाकणकरांशी बऱ्याच अंशी सहमत, पण मुंबईला एवढं सोडून देऊ नका. मुंबईहून हाँगकाँगमार्गे प्रवास जवळजवळ एका रेषेत पडतो. मुंबई-हाँगकाँग सुमारे ४,३०० किमी, हाँगकाँग-टोकियो २,९००. सलग बसणं सहा-साडेसहा तासांच्या वर जात नाही, आणि पर्याय भरपूर. दुबईमार्गे कुणी स्वस्त तिकीट दाखवलं तर मात्र घेऊ नका. आधी दोन हजार किमी उलट्या दिशेला जायचं आणि मग आठ हजार किमी परत पूर्वेला!

चाकण_ते_नागोया

कॅम्पवाले, विमानाचे तास बरोबर आहेत, पण सहकारनगरातून मुंबईच्या विमानतळाला दारापासून दारापर्यंत चार तास धरावेच लागतात. खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रक आडवा झाला की पाच-सहा. पाय सुजणाऱ्या माणसाला गाडीत बसणं हेही बसणंच. काकांच्या सुजेला गाडी आणि विमान वेगळं कळत नाही. सहा अधिक चार असे दहा तास तिथेच झाले.

कॅम्पातला_प्रवासी

हा मुद्दा मान्य. गाडीचे तास मी मोजलेच नव्हते.

वनाज_ते_रामवाडी

बाळबोध प्रश्न असेल, पण पुण्यात एवढ्या जपानी कंपन्या, रानडे इन्स्टिट्यूटपासून गल्लीबोळातल्या क्लासपर्यंत जपानी शिकणारी एवढी मुलं, तरी लोहगावहून थेट टोकियो का नाही?

नकाशावेडा

बाळबोध अजिबात नाही. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे आणि नागरी विमानांना तिथे वेळ वाटून मिळते. धावपट्टी सुमारे अडीच किमीची. टोकियोपर्यंत जाणाऱ्या मोठ्या विमानाला साडेसहा-सात हजार किमीचं इंधन भरून उडायचं तर याहून लांब धावपट्टी सोयीची. त्यात लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९० मीटरवर, आणि एप्रिल-मेचं ऊन. उंची आणि उष्णता दोन्हींमुळे हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाला जोर. मग एकतर प्रवासी कमी घ्या नाहीतर इंधन. सिंगापूर, बँकॉक, दुबई ही अंतरं आसनांमध्ये चालायला एकच वाट असलेल्या छोट्या विमानांना झेपतात, म्हणून तीच पुण्याला मिळतात.

२०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, त्याने प्रवाशांची सोय झाली, धावपट्टी मात्र तीच आहे. ती वाढवण्याची आणि पुरंदरला नवा विमानतळ बांधण्याची चर्चा आपण सगळेच ऐकतोय. पुण्यासारख्या शहराला लांब पल्ल्याचं एकही थेट विमान नसावं याची मला खरोखर खंत वाटते. दर वर्षी किती आजी-आजोबा नातवंडांना भेटायला रात्री-बेरात्री एक्स्प्रेसवेवरून जातात!

सहकारनगर_ताई

सगळ्यांचे आभार कसे मानू! बाबा आता घरी येईल त्याला साठ अंश समजावून सांगतात.

एक प्रश्न राहिला. त्यांच्या गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन ठरलेल्या वेळेला असतं. साडेतीन तासांचा फरक पडला की वेळ कोणती धरायची?

शनिवारातली_औषधवाली

ताई, मी फार्मसिस्ट आहे, तरी मात्रेचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. निघण्याच्या पंधरा दिवस आधी भेटा आणि एक कागद सोबत न्या. त्यावर दोन रकाने करा, एकात भारतीय वेळ, दुसऱ्यात जपानी वेळ. घरून निघाल्यापासून लेकीकडे पोचेपर्यंत प्रत्येक जेवण कधी मिळणार ते दोन्ही वेळांत लिहा. पूर्वेला जाताना दिवस लहान होतो, म्हणजे दोन मात्रांमधलं अंतर कमी होतं. पश्चिमेला येताना ते वाढतं. डॉक्टरांना हा कागद दिसला की ते नेमकं सांगू शकतात. "जपानला चाललोय" एवढंच सांगितलं तर सल्लाही मोघमच मिळतो.

इन्सुलिन सामानात टाकू नका, मालकप्पा फार थंड होऊ शकतो आणि ते गोठलं की वाया जातं. हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. सुया आणि पेन त्या चिठ्ठीसोबतच ठेवा. जपानमध्ये काही औषधं नेण्यावर बंधनं आहेत, इथे सहज मिळणारी सर्दीची काही औषधंही त्यात येतात. म्हणून सगळ्या औषधांची यादी त्यांच्या आरोग्य खात्याच्या नियमांशी आधी ताडून घ्या.

पायांसाठी दाब देणारे मोजे डॉक्टरांना विचारून आणा आणि सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायची सवय आत्तापासून लावा. सूज आल्यावर ते चढत नाहीत. आतल्या बाजूची, वाटेलगतची सीट घ्या. खिडकी कितीही आवडत असली तरी दर तासाला उठायला ती आड येते. मधुमेहींचं शाकाहारी जेवण तिकीट काढतानाच नोंदवा, पण सोबत दशम्या असू द्यात. जेवणाची गाडी कधी येईल ते हादऱ्यांवर अवलंबून असतं आणि इन्सुलिन घेऊन उपाशी बसणं धोक्याचं.

पाषाणकर_ढगवाला

औषधवाल्या ताईंना अनुमोदन. दशम्या विमानातच संपवा मात्र. जपानमध्ये खाद्यपदार्थ नेण्याचे नियम कडक आहेत, मांस आणि ताजी फळं तर अजिबात नको.

सहकारनगर_ताई

ठरलं. जाताना दिल्ली, येताना सिंगापूर, एकाच तिकिटावर मिळालं. दिल्लीला साडेचार तासांचा थांबा घेतला, धुक्याच्या दिवसांत कमी नको म्हणून. दोन्हीकडे व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. बाबांना ती नको होती. पण "चालता येत नाही म्हणून नव्हे, रांगेत उभं राहायचं नाही म्हणून" असं म्हटल्यावर हो म्हणाले.

उतरायचं हानेदाला की नारिताला, हे लेकीने सांगितलं: हानेदा. शहराच्या मध्यापासून साधारण पंधरा किमी, नारिता साठ. गणितसर, तुमचा साठ अंशांचा हिशेब आम्हाला लागू झाला.

निवृत्त_गणितशिक्षक

काकांना माझा नमस्कार सांगा. विमानात समोरच्या पडद्यावर जमिनीसापेक्ष वेग दिसतो. जाताना आणि येताना तो दर तासाला वहीत टिपायला सांगा. परत आल्यावर इथे टाका, पाषाणकरांच्या वाऱ्याचा वेग आपण त्यावरून काढू.

ओकायामाची_वाट

फार उपयोगी धागा. मी जपानी भाषेची विद्यार्थिनी, एप्रिलमध्ये ओकायामाला विद्यापीठात जायचंय. नकाशावेडा म्हणतात तसं ओकायामा टोकियोच्या अलीकडेच आहे, तर टोकियोला जाऊन परत मागे यायचं की दुसरा मार्ग आहे?

चाकण_ते_नागोया

ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतर. सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गे सहज मिळतं. कान्साईहून शिन-ओसाका स्टेशनला थेट गाडी आहे, पाऊण-एक तास. तिथून शिंकान्सेनने, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनने, ओकायामा पाऊण तास. टोकियोत उतरलीस तर तिथून ओकायामाला शिंकान्सेनने सव्वातीन तासांच्या आसपास लागतात, शिवाय त्याचं तिकीट वेगळं. ओसाकामार्गे त्यातले बरेच पैसे वाचतात. शिंकान्सेनमध्ये मोठ्या बॅगेची जागा आधी राखून ठेवावी लागते. तुझं सामान वर्षभराचं असेल, तेव्हा तिकीट काढतानाच शेवटच्या ओळीतली, मागे बॅगेची जागा असलेली सीट माग.